दिवा, दगड आणि दृष्टी

कै. सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या 'ग्लो ऑफ होप' या चित्राची गोष्ट निघाली की रसिकांच्या तोंडून एक वाक्य हटकून बाहेर पडते : "दिवा अगदी खरा पेटल्यासारखा वाटतो!" ही स्तुती प्रेमाने केलेली असते, परंतु ती भलत्याच जागी पडते, असे आमचे नम्र मत आहे. त्या चित्रात ज्योत हाताच्या आडोशाला आहे. चित्रकाराने दिवा पेटवून दाखविलेला नाही; दिवा पेटल्यावर बोटांचे, मुखाचे, वस्त्राचे आणि धातूचे काय होते, तेवढेच दाखविले आहे. ज्योत लपवून उजेड दाखविणे हेच या कृतीचे मर्म होय. आणि हे मर्म केवळ चित्रापुरते नाही. आपल्या देवळांच्या गाभाऱ्यांशी त्याचा निकटचा संबंध आहे. तो संबंध उलगडून दाखवावा व त्यावरून आजच्या जीर्णोद्धारांविषयी चार शब्द स्पष्टपणे बोलावे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम चित्राचा विचार करू. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. १८८२ साली त्यांचा जन्म झाला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. १९६८ साली ते निवर्तले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात असलेले हे जलरंगचित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. त्यासाठी त्यांची कन्या गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली होती. पुढे गीता उपळेकर म्हणून परिचित असलेल्या या बाई २०१८ साली कोल्हापुरात वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या. इतका सगळा तपशील उपलब्ध असूनही हे चित्र राजा रविवर्म्याचे म्हणून सांगणारे लोक आजही पदोपदी भेटतात. रविवर्मा १९०६ मध्येच दिवंगत झाला होता. कोकणच्या मातीतून आलेल्या चित्रकाराचे श्रेय असे दुसऱ्याच्या पदरी पडावे, याची खंत मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांच्या वाचकांस सारखीच वाटावयास हवी.

परंतु नामसाम्याहून वा श्रेयाच्या वादाहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हळदणकरांनी या एका कागदावर उजेडाची अनेक रूपे शेजारी शेजारी मांडली आहेत. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटे लालसर दिसतात. कारण तेथे उजेड परत फिरत नाही, तो मांसातून पार होतो आणि रक्त त्यातील निळा-हिरवा अंश गिळून तांबडा तेवढा सोडते. मुखावरचा उजेड निराळा : तो त्वचेवर पडून चोहीकडे विखुरतो, म्हणून गालावर कोठे तीक्ष्ण रेघ नाही, कडेला सावलीत विरत जाणारी मऊ छटा आहे. दिव्याच्या धातूवर मात्र ठिणगीसारखे बारीक ठिपके आहेत. आणि मागची भिंत उजेड पिऊन बसल्यासारखी मंद आहे. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम चित्रकाराने सूत्र म्हणून घोकला असेल वा नसेल. परंतु मुखाकडून पावलांकडे उतरताना त्याच्या कुंचल्याने तो तंतोतंत पाळला आहे.

शिवाय माध्यमाचाही विचार केला पाहिजे. तैलरंगात उजेड वरून लावता येतो. गडद रंगावर शेवटी पांढरा वा पिवळा ठिपका ठेवला की चमक उमटते. पारदर्शक जलरंगाचा धर्म याच्या उलट. तेथे पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. वरून आलेला उजेड रंगाच्या पातळ थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे जेथे उजेड हवा तेथे चित्रकाराने हात आवरावयाचा असतो, आणि एकदा झाकलेला कागद पुन्हा पहिल्यासारखा उघडा होत नाही. या चित्रातला उजेड अशा संयमाचे फळ आहे.

चित्रात आम्हांस काही उणे दिसत नाही असे नव्हे. मुखावरचा भाव थोडा अधिकच गोड झाला आहे, आणि 'आशेचा किरण' सुचविणारे नाव रसिकाच्या हाती अर्थ आयता ठेवते. दिवेलागणीच्या वेळी घरातली मुलगी वाऱ्यापासून ज्योत सांभाळीत आली, एवढी साधी गोष्ट नावावाचूनही पुरेशी होती. आणखी एक. हे चित्र ज्या रूपाने घरोघरी पोहोचले, त्या चकचकीत कागदावरच्या आणि काचेखालच्या छापील प्रतीत त्याचा प्राण बराचसा हरपतो. काचेवर पडलेल्या उजेडातला शेकडा चारएक भाग पुढच्या पृष्ठावरून आणि जवळजवळ तितकाच मागच्या पृष्ठावरून तसाच परत फिरतो. हा हिस्सा थोडा खरा. पण चित्रातला अंधार झाकावयास तो पुरतो. मग हळदणकरांच्या सावल्यांत आपल्या खोलीतली खिडकी आणि आपलेच तोंड दिसू लागते. चकाकी वाढली आणि तेज गेले! देवळांविषयी आम्ही पुढे जे म्हणणार आहोत, त्याचे बीज या उद्गारात आहे.

चकाकी आणि तेज हे शब्द आम्ही जाणूनबुजून वेगळे ठेवीत आहोत. आपल्या भाषेने हा भेद फार पूर्वीच केला आहे. तुळतुळीत, तुकतुकीत, लखलखीत, झळझळीत. तकाकी, लकाकी, झिलई, ओप. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. नव्या पानाला तुकतुकी असते, तिला कोणी लखलख म्हणत नाही. घासलेले तांब्याचे भांडे लखलखते, ते तुकतुकीत नसते. कोकणीत उजेडाला 'उजवाड' म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना डोळ्यांपुढे पसरलेला, शांत प्रकाश येतो, टोचणारी चमक येत नाही. शास्त्र या भेदाची फोड अशी करते. पृष्ठभाग आरशासारखा सपाट असला तर किरण ज्या कोनाने येतो त्याच कोनाने, एकाच दिशेस परत जातो, म्हणून आपल्याला त्या पृष्ठात दिव्याचे प्रतिबिंब दिसते. पृष्ठभाग खडबडीत असला तर तोच उजेड दाही दिशांस विखुरतो. तेथे दिवा दिसत नाही, पृष्ठ स्वतःच उजळते. जगातील बहुतेक वस्तू या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात.

यात धातूंची जात वेगळी. काच, दगड, तेल, पाणी यांच्यावरील चमक दिव्याच्याच रंगाची असते. सोन्यातांब्याची चमक मात्र धातूच्या रंगाने रंगून परत येते. सोने निळा अंश गिळते आणि पिवळा-तांबडा परत करते; चांदी जवळजवळ सर्व रंग सारखेच, शेकडा ९५ च्या आसपास, परत करते. म्हणून समईच्या उजेडात सोन्याचा दागिना अधिकच सोनेरी दिसतो, आणि चांदीची प्रभावळ समोर जे असेल त्याचा रंग घेते.

ही विद्या शहापूरकरांस कोणी शिकवावी असे नाही. बेळगावला खेटून असलेले आणि १९४८ पर्यंत सांगली संस्थानात मोडणारे हे गाव विणकर आणि सराफ यांच्या हातांनी नावारूपाला आले. सराफाची कसोटी पाहा. तो दगड काळा आणि बारीक कणांचा असतो, आणि त्यावर झिलई नसते. त्यावर सोने घासले की उमटणारी रेघ आणि माहीत कसाच्या सोन्याची रेघ शेजारी ठेवून सराफ रंग पारखतो. दगडच चकचकीत असता तर त्याच्या स्वतःच्या चमकेत सोन्याचा रंग बुडून गेला असता. जो स्वतः चमकत नाही त्याच्यावरच दुसऱ्याचे तेज पारखता येते, हा केवढा मोठा सिद्धांत त्या हातभर पेढीवर रोज सिद्ध होत असतो! तीच गोष्ट मागाची. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या गेल्या. सुताचे अंग उजेड विखरून टाकते, रेशमाचा पदर तो एका बाजूस झुकवून परत देतो; म्हणूनच सुताच्या शांत पटावर रेशमी काठ उठून दिसतो. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला की घडी हलताच रंग पालटतो, ती धूपछाव. सगळी साडी जरीचीच केली तर जरीचे मोल उरत नाही, हे विणकर जाणतो.

आता मंदिराकडे वळू. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधविले. तेथील काळे खांब कातून गुळगुळीत केलेले आहेत. या खांबांपाशी उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते : झिलई आहे, पण ती वाटोळ्या अंगावर आणि वळ्यावळ्यांच्या कंगोऱ्यांवर आहे. वाटोळ्या पृष्ठावर दाराबाहेरचा सगळा उजेड एका उभ्या बारीक रेघेत गोळा होतो आणि बाकीचा खांब काळाच राहतो. त्या रेघेनेच खांबाची गोलाई कळते. आठशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने चकाकीचा उपयोग घडण दाखविण्यासाठी केला.

घाट उतरून गोव्यात गेले की सामग्री बदलते, परंतु विचार तोच आढळतो. जेथून निघालेली कोकणीभाषक कुटुंबे बेळगाव-शहापुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्या मुलखातली ही देवळे. मंगेशीची सात मजली दीपमाळ चुन्याने पांढरी केलेली. ताजा चुना पडलेल्या उजेडापैकी दहांतले आठ भाग, किंवा त्याहूनही अधिक, परत देतो. पण विखरून देतो, म्हणून भर उन्हातही तीत सूर्याचे प्रतिबिंब डोळ्यांत घुसत नाही, आणि रात्री कोनाड्यांतल्या पणत्यांनी सारी माळ आतून उजळल्यासारखी दिसते. समोर तळे : ते उजेड तसाच्या तसा परत देणारे, आणि वाऱ्याच्या एका झुळकीने त्याचे शंभर तुकडे करणारे. सभामंडपात काचेच्या हंड्या आणि झुंबरे. जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने, त्यांतून उजेड दुधासारखा गाळून येतो. आणि या सर्वांच्या शेवटी गाभारा, जेथे अंधार आहे.

हा अंधार गरिबीमुळे वा अज्ञानामुळे राहिला, असे समजणे चुकीचे आहे. उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधाराशी जुळवून घेण्यास काही मिनिटे लागतात; पूर्ण जुळण्यास अर्धा तासही लागतो. प्रांगण, मंडप, अंतराळ, गाभारा हा क्रम डोळ्याला पायरीपायरीने तयार करतो. मग एका समईचा उजेड पुरेसा होतो. आत काळ्या पाषाणाची मूर्ती असते. कोरड्या दगडाचे बारीक कण उजेड चहूकडे उधळतात, म्हणून तो राखाडी, धुरकट दिसतो. अभिषेकाचे पाणी किंवा तेल त्या कणांमधल्या खाचा भरून काढते. वरचे विखुरणे थांबते, उजेड आत शिरून दगडात जिरतो, आणि काळा रंग खोल होतो. त्याच वेळी वरच्या ओल्या, सपाट थरावर ज्योतीचे स्वच्छ ठिपके उमटतात : कपाळावर एक, नाकाच्या शेंड्यावर एक, ओठावर एक. अंग अंधारात आणि मुखाचे उंचवटे उजेडात. आता आरतीचे तबक फिरू लागते. वळणदार पृष्ठावरचा ठिपका दिवा हलला की हलतो. तो कपाळावरून भुवईकडे, भुवईवरून गालाकडे सरकतो. मूर्ती अचल आहे, परंतु तिच्यावरचा उजेड चालता आहे, आणि भक्ताला देव पाहतो आहे असे वाटते. यात देवाची थोरवी उणी होत नाही; उलट ती प्रकट करण्यासाठी आपल्या पूर्वजांनी दिवा, तेल आणि दगड यांची किती नेमकी योजना केली होती, हे पाहून आदर वाढतोच. मूर्तिकार, पुजारी आणि समईत वात लावणारी बाई यांनी मिळून घडविलेली ही कृती होय, आणि हळदणकरांच्या चित्राइतकीच ती समीक्षेस पात्र आहे.

येथेच आजच्या जीर्णोद्धारांविषयीची आमची तक्रार सुरू होते. गेल्या काही दशकांत आपल्या देवळांत एक ठराविक सामग्री शिरली आहे : आरशासारखे घोटलेले ग्रॅनाइट, भिंतींना झिलईच्या टाइल्स, चकचकीत पोलादी कठडे, खांबांवर तैलरंग, आणि या सर्वांवर पांढऱ्या विजेचे उघडे दिवे. त्याचा परिणाम कसा होतो ते पाहावे. घोटलेल्या दगडावरून, समोरून पाहिले असता, थोडाच उजेड परत येतो. परंतु दृष्टी जसजशी तिरपी होते तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. काचेच्या बाबतीत सरळ पाहताना ते शेकडा ४ असते, तर लंबापासून ८० अंशांवर ते शेकडा ३९ च्या घरात जाते. उभ्या माणसाला नऊएक मीटरवरची जमीन नेमकी याच कोनातून दिसते. अर्थात मंडपात उभ्या असलेल्या भक्ताच्या दृष्टीत, गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या अलीकडेच, छतावरच्या नळीदिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबे पसरलेली असतात. डोळ्याची बाहुली त्या चमकेने आकसते आणि गाभारा अधिकच काळा वाटतो. मग व्यवस्थापक म्हणतात, "आत दिसत नाही," आणि गाभाऱ्यात आणखी एक दिवा लावतात. तो स्थिर, समोरून येणारा, सपाट उजेड मूर्तीची घडण पुसून टाकतो, आणि समईची ज्योत लाजल्यासारखी एका कोपऱ्यात जळत राहते. कसोटीचा दगड घासून आरसा करावा आणि मग सोने पारखता येत नाही म्हणून कुरकुरावे, तसा हा प्रकार आहे.

आम्ही दुसरी बाजू जाणतो. देऊळ हे संग्रहालय नव्हे. तेथे माणसे येतात. वृद्धांना पायरी दिसली पाहिजे, गर्दीच्या दिवशी कोणी घसरता कामा नये, जमीन धुऊन स्वच्छ ठेवता आली पाहिजे. काजळीने दगड खराब होतो हेही खरे. शिवाय ज्या दात्याने ग्रॅनाइटसाठी आयुष्याची पुंजी दिली, त्याच्या भक्तीविषयी शंका घेण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हे आक्षेप नीट तपासले तर त्यांतील बरेचसे चकाकीच्या बाजूने उभे राहत नाहीत. ओले झाल्यावर पाय घसरतो तो घोटलेल्या फरशीवर. घडीव, थोड्या खरखरीत दगडावर तो टिकतो. पायरी दिसावी म्हणून पायरीपाशी झाकलेला दिवा हवा, छताला उघडा नव्हे. तैलरंगाने भिंतीतली ओल आत कोंडते. चुना तिला बाहेर पडू देतो. दात्याची भक्ती घडीव दगडातही तितकीच उतरते. उणे पडते ते मार्गदर्शन, आणि ते देण्याची जबाबदारी विश्वस्तांची व जाणत्या मंडळींची आहे.

हे सारे स्वप्नरंजन नाही, याचे उदाहरण पंढरपुरानेच घालून दिले आहे. श्रीविठ्ठलमंदिराच्या जतनकामासाठी १५ मार्च २०२४ पासून पदस्पर्शदर्शन बंद ठेवण्यात आले आणि जूनच्या आरंभी ते पुन्हा सुरू झाले. त्या अवधीत उत्तरकाळात चढविलेली फरशी व आवरणे काढून जुना दगड मोकळा करण्यात आला. ज्या देवस्थानाकडे लक्षावधी वारकरी दरवर्षी चालत येतात, तेथे चमक उतरविण्याने भक्ती उणी झाली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पंढरीस जे साधले ते शहापुरात, बेळगावात, निपाणीत वा फोंड्यात साधू नये असे काय आहे?

तेव्हा देवस्थान-समित्यांपुढे आम्ही काही सूचना ठेवितो. नवा दगड, नवा रंग वा नवा धातू मंडपात बसविण्यापूर्वी त्याचा हातभर तुकडा संध्याकाळी प्रत्यक्ष जागेवर ठेवावा, विजेचे दिवे मालवावे आणि समईच्या उजेडात, उंबऱ्यापासून व मंडपाच्या टोकापासून अशा दोन ठिकाणांहून, तो पाहावा. दुकानातल्या नमुन्यावरून निवड करू नये. तेथला उजेड दुकानाचा असतो. जमिनीस घोटलेली झिलई नको, घडीव पोत असावा. भिंतींस शक्य तेथे चुना असावा. चांदी प्रभावळीस, मखरास, पालखीस शोभते; सबंध भिंतीस ती चढविली म्हणजे मूर्ती आणि भिंत यांत स्पर्धा लागते. दिव्यांचे मूळ डोळ्यांआड असावे, हा धडा हळदणकरांच्या त्या मुलीने हात आडवा धरून दिलाच आहे. आणि एवढे सर्व आज शक्य नसेल तर एक गोष्ट तरी विनाखर्च होण्यासारखी आहे : सायंकाळच्या आरतीपुरते गाभाऱ्यातील आणि अंतराळातील विजेचे दिवे बंद ठेवावे. पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे.

ज्यांनी लहानपणापासून नळीदिव्याखालीच देव पाहिला, अशी एक पिढी आता आपल्यात आहे. मूर्तीच्या कपाळावरून सरकत जाणारा ज्योतीचा ठिपका तिने पाहिलेला नाही, आणि न पाहिलेल्या वस्तूची उणीव कोणास भासत नाही. उद्या विश्वस्त म्हणून तीच पिढी दगड निवडावयास बसेल. तिला निवड करता यावी इतपत तरी हा उजेड आपण जिता ठेवला पाहिजे. येत्या कार्तिकात एखाद्या देवळाने हा प्रयोग करून पाहिला, तर त्याचा वृत्तान्त, अनुकूल असो वा प्रतिकूल, वाचावयास आम्ही उत्सुक आहोत.